डिजिटल डेस्कवर खाल्लेली माती

खेळांच्या चॅनेलमध्ये काम करते असं सांगितलं, की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. "मग अमका खेळाडू प्रत्यक्षात कसा आहे गं? खरंच एवढा तापट आहे?" मला काय माहीत! नऊ वर्षं झाली, मोठे खेळाडू मी पाहिलेत ते बहुतेक स्क्रीनवरच. तुमच्यासारखेच. माझ्याकडे जे किस्से आहेत ते आमच्याच ऑफिसमधले, आणि ते असे साठलेत की एक सांगायला घेतला की दोन आठवतात. वाईट एवढंच, की बहुतेकांमध्ये माती खाणारी मीच!

आमच्या कामात चूक खाजगीत होत नाही हो. बँकेतल्या बाईंनी चुकीचा शिक्का मारला तर फार तर मॅनेजर ओरडतो. आम्ही चुकलो की स्क्रीनशॉट निघतो. तो गावभर फिरून संध्याकाळपर्यंत मुलुंडला माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर येतो, आणि खाली कोणीतरी साळसूदपणे विचारतं, "वैशालीताई, हे तुमचंच चॅनेल ना?"

मालाडला आमचं ऑफिस. मी तिथल्या मराठी डिजिटल टीमची हेड. वेबसाइट, सोशल मीडिया, रील्स, मोबाइलवरचं लाइव्ह, सगळं आमच्याकडे. टीम केवढी? मला धरून चार जण! सायली मजकूर लिहिते. इरफान कॅमेरा आणि एडिटिंग बघतो. आणि परब काका सगळ्याचं मराठी तपासतात. वर एक सर आहेत, ते फक्त आकडे विचारतात.

मॅच संपायच्या आधीच "जिंकलो!" अशी पोस्ट टाकणं मी मोजत नाही. ते सगळ्यांनीच केलेलं असतं. त्याच्या पुढचं सांगते.

*

हेड झाले तो पहिला दिवस. मी टीमला समोर बसवून भाषण ठोकलं. "आजपासून एकही पोस्ट दोघांनी तपासल्याशिवाय जाणार नाही. चूक म्हणजे चूक. मी कोणाचं ऐकून घेणार नाही."

सायली वहीत लिहून घेत होती. परब काका मान हलवत होते.

भाषण संपवून मी जागेवर आले. एका जुन्या हॉकीपटूचा वाढदिवस होता. आता एवढ्याशा पोस्टसाठी कशाला कोणाला विचारायचं? इंटरनेटवर नाव टाकलं, फोटो आला, छान हसरा चेहरा, पिळदार मिशा. खाली "मैदानावरच्या वाघाला वाढदिवसाच्या शुभेच्छा" असं लिहून टाकून दिलं. लाइक्सचा पाऊस! हजारो लोकांनी त्या मिशांना शुभेच्छा दिल्या.

दुपारी खुद्द त्या हॉकीपटूंची कमेंट आली. "मनःपूर्वक आभार. फोटो माझ्या मेव्हण्यांचा आहे. ते विमा विकतात. त्यांना फार आनंद झाला आहे."

मी मान वर केली. तिघंही आपापल्या स्क्रीनकडे इतकं टक लावून बघत होते, की एकाच्याही डोळ्याची पापणी लवत नव्हती.

शेवटी परब काकांनी हळूच विचारलं, "वैशाली, दुसऱ्या कोणी तपासलेला गो?"

*

परब काकांचं सांगायलाच हवं.

हे मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. काका स्वतः तीस वर्षं वर्तमानपत्रात क्रीडा पानावर. मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते तेव्हा त्याच वर्तमानपत्रात लागले, आणि माझी पहिली बातमी तपासली ती परब काकांनीच. आठ ओळींच्या बातमीत अकरा लाल खुणा! तरी वर म्हणाले होते, "बरी लिवलंस. खेळ समजता तुका." तो पेपर बंद पडला, आणि मग मीच त्यांना आमच्या चॅनेलमध्ये आणलं.

तर वर्षाच्या शेवटी आमच्याकडे प्रत्येकाला एक ते पाच असे गुण द्यायचे असतात. सर म्हणाले, "टीममध्ये एकाला तरी दोन द्यावेच लागतील. सिस्टीम तशीच आहे."

मी दोन रात्री विचार केला. सायलीला दोन दिले तर ती नोकरी सोडेल. इरफानला दिले तर तोही सोडेल. परब काका कुठे जाणार? ते समजून घेतील. आता ऐकायला किती घाण वाटतं ना? तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता!

त्यांना केबिनमध्ये बोलावलं. फॉर्म पुढे सरकवला आणि बोलत सुटले. "काका, हे तुमच्या कामाबद्दल नाहीये, डिजिटलचा वेग असतो ना, ट्रेंड्स असतात, त्यात थोडं..."

काकांनी चष्मा लावला. फॉर्म सगळा वाचला. मग खिशातून लाल पेन काढलं.

मला वाटलं आता हे काहीतरी कडक लिहिणार. त्यांनी वरच्या 'मुल्यमापन'मधला मु दीर्घ केला. खालच्या 'निरिक्षण'मधला रि दीर्घ केला. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग निळं पेन काढून सही केली आणि फॉर्म परत माझ्याकडे सरकवला.

"आता पाठव वर," म्हणाले. "तुझ्या नावान जातला ना, चूक नको त्यात."

*

आता हा स्टुडिओतला.

आमचा मोबाइलसाठीचा एक चर्चेचा कार्यक्रम असतो. एकदा कुस्तीवर बोलायला एक जुने वस्ताद आले होते. पंच्याहत्तरीचे. पांढरा सदरा, फेटा. मुलांना घडवण्यात सगळं आयुष्य गेलेलं. बोलायला बसले की एका डावातून दुसऱ्या डावात, एका गावातून दुसऱ्या गावात. ऐकायला गोड, पण आमच्या कार्यक्रमाची वेळ ठरलेली.

मी आतल्या खोलीत, कंट्रोलला. समोर दोन बटणं. एक दाबलं की माझा आवाज फक्त अँकरच्या कानात जातो. दुसरं दाबलं की पाहुण्यांच्याही.

पुढच्या सेगमेंटची घाई. मी बटण दाबलं आणि वैतागून म्हटलं, "या म्हाताऱ्याला अजून दोन मिनिटं दे आणि आवर. झोपले असतील लोक."

स्क्रीनवर वस्ताद बोलता बोलता थांबले. कानातलं यंत्र त्यांनी बोटाने जरासं नीट बसवलं. मग कॅमेऱ्यात बघून, अगदी शांतपणे म्हणाले,

"आतून मला निरोप आलाय, म्हाताऱ्याला दोन मिनिटं आहेत. तर मी दीडच घेतो, म्हणजे ताईंना जेवायला जाता येईल."

लाइव्ह! तसंच्या तसं गेलं!

आणि दीड मिनिटात त्यांनी काय सांगितलं माहितीये? आपला पहिला शिष्य पहिली कुस्ती हरला, तेव्हा त्याला घेऊन घरापर्यंत ते चालत कसे गेले, आणि वाटेत दोघंही एक शब्द बोलले नाहीत. बस, एवढंच. इरफान कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होता.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर जाऊन त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी काय केलं? वॉशरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. वीस मिनिटं! परब काकांनी त्यांना चहा दिला, खालपर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं.

मी बाहेर आले तर काका दारातच होते.

"गेले?" मी विचारलं.

"गेले. विचारत होते, त्या ताई जेवल्या का?"

*

सायलीचा किस्सा छोटाच आहे. छोटाच आहे पण मला तो घशाखाली जात नाही.

कबड्डीतला एक मोठा खेळाडू निवृत्त झाला. सगळी चॅनेल्स "एका युगाचा अंत" वगैरे लिहीत होती. सायलीने दोन ओळी लिहिल्या. "दम संपलेला नाही. तो फक्त श्वास घ्यायला घरी चाललाय."

झकास! लोकांनी त्या दोन ओळी टी-शर्टवर छापल्या हो. त्या खेळाडूने स्वतः त्या आपल्या घराच्या भिंतीवर लावल्या.

अंधेरीच्या एका हॉटेलात कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता. सरांनी स्टेजवरून मला बोलावलं आणि माइक हातात दिला. "सांगा, ही लाइन कोणाची?"

समोर तीनशे माणसं. सायली पाचव्या रांगेत. मी म्हटलं, "सर, टीमची."

सर टाळ्या वाजवत ओरडले, "बघा! याला म्हणतात लीडरशिप! स्वतःचं असून टीमचं म्हणते!" आणि माझ्या नावाच्या प्रशस्तिपत्राची फ्रेम माझ्या हातात दिली.

माइक अजून माझ्याच हातात होता. चालू होता. "नाही सर, सायलीची," एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी म्हटलं, "थँक यू."

खाली आले तर सायली मोबाइल घेऊन उभी. "मॅडम, फ्रेम जरा वर धरा ना. छान फोटो काढते. प्रोफाइलला लागेल तुम्हाला."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता, यार. तो असता तर बरं झालं असतं.

*

आरेचा किस्सा आठवला की मी आजही उशीत तोंड खुपसते.

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरची मुलगी, मनीषा. लांब पल्ल्याची धावपटू. राज्य स्पर्धेत पदक मिळवलं, तेव्हा सर म्हणाले, "हिच्यावर एक फिल्म करा. पण रडवा लोकांना. स्ट्रगल दिसला पाहिजे!"

आम्ही सकाळी सातला पोहोचलो. मनीषा ट्रॅकसूट घालून तयार. घर लहान पण टापटीप. भिंतीवर पदकं, कपाटात कॉमर्सची पुस्तकं. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटा भाऊ आयटीआयला. मी इरफानला बाजूला घेतलं. "अरे, यात स्ट्रगल कुठाय?"

मग माझ्या डोक्यात आलं, डोक्यावर हंडा! झाडांमधली वाट, कोवळं ऊन, मुलगी पाण्याचा हंडा घेऊन चालतेय, आणि चालता चालता धावायला लागते. काय शॉट!

घरात हंडाच नव्हता. इरफानला गाडी घेऊन मालाडच्या मार्केटला पिटाळलं. तो तासाभराने चकचकीत नवा हंडा घेऊन आला. तर मी म्हटलं, "हा नवा दिसतोय." मग आम्ही त्या हंड्याला माती फासली. मी स्वतः, या हातांनी!

मनीषाची आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बाई शांत. मी मनीषाच्या डोक्यावर हंडा ठेवला तेव्हा आईने विचारलं, "हे कशाला हो मॅडम?"

"पाणी आणतानाचा सीन घ्यायचाय."

"पण आमच्याकडे नळ आहे ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे खरोखरच्या काळजीने बघून म्हणाली, "तुमच्याकडे नाही आला का अजून?"

इरफान वळून झाडाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

एवढं होऊनही मी तो शॉट घेतला. हो, घेतला. आणि फिल्म चालली! कुठल्याशा संस्थेने पाड्यावर पाण्याचा टँकर पाठवला. मनीषाचा फोन आला, "मॅडम, टँकरवाल्यांना काय सांगू? आई म्हणतेय, टाक्या भरलेल्या आहेत."

*

हा घरातला आहे, पण ऑफिसातलाही आहे.

आई मुलुंडला एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाली, बाबा गेले, आणि आईच्या हातात मोबाइल आला. लेकीचं चॅनेल म्हणून ती आमचं पान मन लावून बघायची. आणि प्रत्येक पोस्टखाली कमेंट लिहायची. एका ओळीची नव्हे, परिच्छेद! "आज क्षेत्ररक्षण ढिसाळ होते. विशेषतः दुसऱ्या सत्रात. खेळाडूंनी विश्रांती घ्यावी." लोक तिला उत्तरं द्यायचे. कोणी "काकू, बरोबर बोललात", कोणी वाद घालायचे. आई चष्मा सावरत सगळ्यांना सविस्तर उत्तर द्यायची.

इथवर ठीक होतं. मग एकदा सरांच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर आमचं पान उघडलं. चषकाची पोस्ट, आणि खाली पहिलीच कमेंट: "वैशू, 'पटकावला' हवे, 'पटकवला' नव्हे. आणि डबा विसरलीस. आई."

सगळी खोली हसली. सर तर टेबलावर थापा मारून हसले. "वैशू! डबा!"

मी त्या दुपारी एक बटण दाबलं. त्या बटणाने कमेंट पुसली जात नाही. लिहिणाऱ्याला आपली कमेंट दिसत राहते, बाकी दुनियेला दिसत नाही. आईचं सगळंच लिखाण आपोआप तसं लपेल अशी सोय करून टाकली. तिला कळणारसुद्धा नाही, मी विचार केला. कोणाचंच नुकसान नाही!

चार महिने गेले. एका रविवारी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लोक बदलले गं. पूर्वी उत्तरं द्यायचे. हल्ली मी एवढं लिहिते, कोणी हूं की चूं करत नाही. माझं काही चुकतंय का? तू बघशील का एकदा?"

तिने पिठाच्या हाताने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. चार महिन्यांच्या कमेंट्स. दोन ठिकाणी तर तिने शेवटी लिहिलं होतं, "कोणी वाचत असल्यास कळवावे."

सोमवारी ऑफिसला गेल्या गेल्या मी एकेक कमेंट मोकळी करायला बसले. सायली शेजारी होती. तिने विचारलं, "काय करताय मॅडम?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती आपल्या जागेवर गेली आणि आईच्या जुन्या जुन्या कमेंट्स वाचून, जिथे सुचेल तिथे उत्तरं लिहायला लागली.

संध्याकाळी आईचा फोन. आवाज असा फुललेला! "अगं, कोणी सायली म्हणून मुलगी आहे. तिला खेळातलं फार कळतं. मी तिला म्हटलं, तू एखाद्या चॅनेलमध्ये का नाही जात? आमच्या वैशूला सांगते, तुला तिच्या हाताखाली घेईल!"

*

आता शेवटचा, दहिसरचा.

रविवारची सकाळ. नदीजवळच्या एका शाळेचं मैदान, आणि मुलींची खो-खोची स्पर्धा. आम्ही मोबाइलवर लाइव्ह दाखवत होतो. एकच कॅमेरा, तो इरफानकडे. मी बाजूला झाडाखाली टेबल टाकून बसले होते. चॅनेलच्या नावाने, खाली 'वैशाली' अशी सही करून, चॅटवर उत्तरं देणं माझ्याकडे.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या टीमच्या आठ मुली मैदानाच्या मधोमध एका ओळीत खाली बसलेल्या असतात. दोन टोकांना दोन खांब. उजव्या खांबाच्या मागे एका मसाल्याच्या कंपनीचा मोठा बोर्ड लावला होता, आणि सरांनी मला बजावून पाठवलं होतं, "काहीही होऊ दे, बोर्ड फ्रेममधून जाता कामा नये."

इरफानने लावून बघितलं. "मॅडम, बोर्ड घेतला तर लेफ्टच्या दोन मुली कट होतायत."

"बसल्याच आहेत ना त्या," मी म्हटलं. "उठल्या की दिसतील."

मॅच सुरू झाली. बघणारे मोजकेच. तेवढ्यात चॅटवर एकाने लिहिलं, "कॅमेरा डावीकडे घ्या." मी लक्ष दिलं नाही. पुन्हा, "कॅमेरा जरा डावीकडे." पुन्हा, "प्लीज डावीकडे." एका मिनिटात पाच वेळा! असे लोक रोज असतात. घरी बसून आम्हाला आमचं काम शिकवणारे. माझं डोकं सटकलं. मी चॅनेलच्या नावाने लिहिलं, "सर, घरी सोफ्यावर लोळून कॅमेरा फिरवता येत नाही!" आणि पुढे एक दात काढणारा चेहरा.

तिघाचौघांनी हसण्याचे चेहरे टाकले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं.

त्याचं उत्तर आलं.

"घरी नाही मॅडम, जहाजावर आहे. नेट जाईल आता. डावीकडची चार नंबरची माझी मुलगी. आज पहिली मॅच."

मी खुर्चीतून उठून ओरडले, "इरफान, डावीकडे! डावीकडे घे!"

"आणि बोर्ड?"

"खड्ड्यात गेला बोर्ड! डावीकडे!"

त्याने गर्रकन कॅमेरा फिरवला. स्क्रीनवर डावा खांब आला, एक बसलेली मुलगी आली, आणि तिच्या शेजारच्या जागेत खो देणारी दुसरीच मुलगी बसत होती. चार नंबरला त्याच क्षणी खो मिळाला होता. ती उठून उजवीकडे सुसाट सुटली होती, बोर्डाच्या दिशेने. शिट्टी वाजली, डाव संपला. टाळ्या, आरडाओरडा. इरफानने कॅमेरा परत फिरवला तोवर तिने गडी टिपलेला होता, आणि चार-पाच मुलींनी तिला असा गराडा घातला होता की बोर्डावरचा मसाला तेवढा स्पष्ट दिसत होता.

मी चॅटवर लिहिलं, "तुमच्या मुलीने गडी बाद केला!" थांबले. पुन्हा लिहिलं, "सर, आहात का?"

काही आलं नाही. मॅच संपेपर्यंत काही आलं नाही.

मॅच संपली आणि ती पोर पळतच माझ्या टेबलाशी आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गुडघ्यांना माती, अंगावर चार नंबर.

"मॅडम, मोबाइलवर दाखवणारे तुम्हीच ना?"

"हो."

"माझे बाबा बघत होते. बोटीवर असतात ते. मी दिसले ना त्यांना?"

इरफान वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.

"हो," मी म्हटलं.

"मग काय म्हणाले?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. डावीकडची चार नंबरची माझी मुलगी. तिने वाचलं. हसली. ओठ हलवत पुन्हा एकदा वाचलं.

मग तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली.

"पण 'घरी नाही मॅडम' असं का लिहिलंय बाबांनी?" ती म्हणाली, आणि मातीने भरलेलं बोट लावून तिने चॅट वरच्या बाजूला सरकवायला सुरुवात केली.